मेंढ्यांनी खाल्लेलं गाव

पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. कुवेतच्या तेल कंपनीत मी नवा कारकून. पहिल्याच दिवशी साहेबांशी सलगी दाखवायला विचारलं, "गावाला कोण कोण असतं आपलं?" आपल्याकडे हा प्रश्न कुणालाही चालतो.

ब्रंडलथ्वेटसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मेंढ्या."

मी हसलो. ते हसले नाहीत. माझी नोकरी त्या दिवशी कशी टिकली, देव जाणे.

पुढे कळलं, हे आडनाव विलायतेतल्या एका गावावरून पडलेलं, पेंडूरवरून आमचं पेंडुरकर पडलं तसंच. थ्वेट म्हणजे रान तोडून काढलेली जमीन. पाचेकशे वर्षांपूर्वी जमीनदारानं लोकरीच्या लोभानं माणसं हाकलली आणि मेंढ्या सोडल्या. आता गवताखाली घरांचे उंचवटे तेवढे उरलेत. "त्यांनी माझं गाव खाल्लं," असं म्हणून साहेब कुठल्याही जेवणात मटण तीनतीनदा घेत. ईदेच्या जेवणात आमच्या ऑफिसातल्या, रत्नागिरीच्या दाऊदभाईंनी शेवटी हात जोडले, "साहेब, सगळा सूड एकट्यानं नका घेऊ, आम्हाला पण चार तुकडे ठेवा!"

दर शुक्रवारी साहेब अबू हलीफा या किनाऱ्यावरच्या गावातल्या आमच्या घरी चहाला येत. वाऱ्यानं टेबलावर धुळीचा पातळ थर आणलेला असे. त्यात ते बोटानं गाव काढत. ही विहीर. हा चर्चचा रस्ता. इथं बहुधा आमचं घर. बाहेर समुद्र चमकत असे, आणि साहेबांचा आवाज इतका हळू होई की मलाही त्या विहिरीवर बायका बोलताना ऐकू येत. ते जाईपर्यंत आमची ही टेबलाला फडकं लावत नसे.

साहेबांची निवृत्ती जवळ आली. त्या उंचवट्यांशेजारी एक छोटं घर विकाऊ होतं. त्या शुक्रवारी त्यांनी विहीर काढली आणि बोट थांबलं.

"मी अनाथाश्रमातला, मिस्टर पेंडुरकर. तिथले व्यवस्थापक आम्हा पोरांना जुन्या नकाशातली नावं देत. माझ्या वाट्याला हे आलं. त्या गावाशी माझं रक्ताचं काही नाही. तिथं जाऊन राहायचा मला हक्क आहे का?"

मी चहा ढवळत बसलो. साखर केव्हाच विरघळली होती.

ते गेल्यावर मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मी तरी कुठं पेंडुरकर जन्मले? माझं तर नावसुद्धा ताटातल्या तांदळात लिहून बदललंत. विचारलं होतं कुणी? तरी पेंडूरची म्हैस गेल्याचं पत्र आलं तेव्हा रडलं कोण, तुम्ही का मी? उद्या ऑफिसात सांगा त्यांना, खुशाल जा म्हणावं."