उतरायला जागा नसलेलं हेलिकॉप्टर

नौदलाचं हेलिकॉप्टर खेळात घातलं त्याच दुपारी त्याच्या वैमानिकाने शर्वरीला फोन करून सांगितलं की उतरायला जागा नाही.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लढाईचे कॉम्प्युटर गेम बनत, तिथे शर्वरी कामाला होती. खेळाच्या आतल्या लोकांचे फोन तिथे नवे नव्हते. मागे रणगाडेवाल्यांनी उकाड्याची तक्रार केली, तेव्हा ती रास्त ठरवून त्यांना पंखे देण्यात आले होते. त्यामुळे तिने शांतपणे नकाशा उघडला. चूक तिचीच होती. नौदलाचं हेलिकॉप्टर आपल्या जहाजावर उतरतं, आणि आपलं जहाज यायचं होतं दिवाळीनंतरच्या आवृत्तीत. आधी कळस, मग पाया. आता ज्या गावाला समुद्र बघायचा तर गणपतीपुळ्याची सहल काढावी लागते, तिथे हे वेळेवर कुणाला सुचणार?

समुद्रात जहाज होतं एकच, तेही शत्रूचं. ते बुडवायला म्हणून तर हेलिकॉप्टरला क्षेपणास्त्रं लावली होती.

वैमानिकाने तिकडेही विचारून पाहिलं होतं. शत्रूची माणसं भली होती. उतर म्हणाली, फक्त क्षेपणास्त्रं आधी समुद्रात टाकून ये. अट वाजवी होती, पण त्याला ती पाळता येईना. क्षेपणास्त्रं सोडायची कळ त्याच्याकडे नव्हतीच, ती खेळणाऱ्याच्या बोटाखाली असते. तेल तासाभराचं उरलं होतं.

"आणि आक्का," तो आवाज खाली आणून म्हणाला, "डेकवर सगळी माझ्याच तोंडाची माणसं उभी आहेत की गं. हात करायलेत मला."

आक्का तो म्हणणारच. शर्वरीने आपल्या धाकट्या भावाला, इंद्रजितला, मिसळीच्या बोलीवर खुर्चीत बसवून चहूबाजूंनी त्याचे फोटो काढले होते, आणि तो चेहरा वैमानिकाला दिला होता. शत्रूच्या खलाशांची पाळी आली तेव्हा कंटाळा आला, म्हणून त्यांनाही तोच दिला. दोघातिघांना मिशा काढल्या, की झालं काम. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र तिला भीती वाटू लागली, आणि ती लपवणंही तिला जमेना.

ती सरनोबतसाहेबांकडे गेली. कंपनी त्यांची. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि एकेका पर्यायाचा विचार केला. क्षेपणास्त्रं काढता येणार नाहीत, जाहिरातीत ती आधीच उडून गेली आहेत. हेलिकॉप्टर काढलं तर आतला माणूस कुठे जाईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शत्रूच्या जहाजावर उतरवलं तर मग लढायचं कुणी? शेवटी त्यांनी तोडगा काढला.

"तेल कधी संपायचंच नाही असं कर," ते म्हणाले. "मग उतरायचा प्रश्नच कुठं येतोय?"

तो वर किती दिवस राहील, असं शर्वरीने विचारलं. खेळ चालेल तोवर, असं ते म्हणाले. आणि खाली जहाजावरचे? त्यावर त्यांनी कप खाली ठेवला. उद्या सकाळी दहाला खेळ लोकांच्या हातात जाणार, त्यानंतर कोण कुठली कळ दाबतो हे आपल्या अखत्यारीत येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

इकडे आड, तिकडे विहीर. तेल वाढवलं नाही तर तो तासाभरात समुद्रात पडणार होता. शर्वरीने तेल कधी न संपणारं केलं आणि त्याला फोन करून तसं सांगितलं.  फोनमध्ये हेलिकॉप्टरच्या पंख्याचा आवाज येत होता.

"म्हणजे मी खाली येत नाही तर," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा इंद्रजित जेवायला बसला होता. मांडी घालून, नेहमीच्या जागी, जमिनीपासून वीतभर वर. आईने पाटावर पाट ठेवून त्याचं ताट उंच केलं होतं. दुपारपासून असाच आहे, असं आई तक्रारीच्या सुरात म्हणाली. खांदे धरून दाबला तरी पुन्हा वर येतो. रस्सा वाढायला कंबर वाकवावी लागत नाही, एवढंच काय ते सुख.

शर्वरी हातपाय न धुताच त्याच्यासमोर बसली. तिला रडू येत होतं. इंद्रजितने भाकरी मोडली होती, पण घास घेतला नव्हता. तो सारखा खाली फरशीकडे बघत होता.

"आक्का, माझ्या खाली कोण नाही न्हवं?"

तिने वाकून नीट पाहिलं. कोणी नाही, म्हणाली. तेव्हा कुठे त्याने घास तोंडात घातला.

"उद्या दहाला तू आणि आई माझ्या खाली थांबू नका," तो चावता चावता म्हणाला. "कळ माझ्याकडं नाही."

आई बरं म्हणाली. मग त्याच्याकडे एकदा निरखून बघत तिने ताटाखाली आणखी एक पाट सरकवला.