उकंडरावांची शुद्ध हवा

मी एकदा लॉरीच्या हवेच्या पंपात वाळ्याचं अत्तर ओतलं. चांगलं, उंची अत्तर. बायकोनं लग्नसराईसाठी जपून ठेवलेलं.

का ओतलं, हे सांगायचं तर आधी उकंडरावांचं नाक सांगावं लागेल.

उकंडराव शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे बागवाले. इतर माणसं वस्तू डोळ्यांनी बघतात, उकंडराव नाकानं बघत. संत्रं हुंगत, ते ठीक. पण ते नवं धोतर हुंगत, चहा हुंगत, बसायच्या आधी माझं बाकडंसुद्धा हुंगत. मुलीसाठी जावई पसंत करायला गेले तेव्हा पानाचं तबक पुढं करण्याच्या निमित्तानं मुलाजवळ सरकले आणि त्याला हुंगून आले, अशी वरूडकडे वदंता होती. संत्र्याच्या दोन हंगामांवरून माणसांच्याही त्यांनी दोनच जाती केल्या होत्या. मृग बहाराचा माणूस म्हणजे आतून गोड. आंबिया बहाराचा म्हणजे रंगाला झकास, पण फोड तोंडात टाकली की डोळे मिटतात. मला त्यांनी पहिल्याच भेटीत आंबियात टाकलं आणि पुढं कधी बदली केली नाही.

अकोल्याला जठारपेठेत माझं मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेलं होतं. रस्ते बैलगाडीचे आणि टायर विलायतेचे, त्यामुळे फेरी पंक्चरशिवाय पार पडली तर लोक नारळ फोडत. हातपंपानं चाक उभं करेपर्यंत लॉरीवरची संत्री उन्हात शिजून निघत. लॉरीच्याच इंजिनवर चालणारा पंप मिळतो, हे उकंडरावांनी कुठूनसं ऐकलं आणि तो निवडायला ते माझ्याकडे आले. अकोल्याच्या बाजारात माल टाकला की ते दुकानात येत आणि पंप निवडत. एक अख्खा बहार त्यांनी पंप निवडण्यात काढला.

बरोबर त्यांचे थोरले भाऊ गणपतराव असत. लॉरी तेच हाकत. दोघं एका लॉरीत मांडीला मांडी लावून यायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं आणि वाटणी झाली. झाडं वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. लॉरी मात्र कापता येईना. तेव्हा पंचांनी डोकं चालवलं. पुढची चाकं धाकट्याची, मागची थोरल्याची, स्टेपनी सामाईक. ज्याचं चाक बसेल त्यानं हवा भरायची. पंचांपैकी एकाकडेही लॉरी नव्हती, म्हणून ओझं मागच्या चाकांवर येतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पंक्चर व्हायचं ते मागंच. गणपतरावांना दमा होता. माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून आले की त्यांच्या छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज येई. डॉक्टरांनी हातपंपाला हात लावू नका म्हणून बजावलेलं. पण चाक त्यांचं होतं आणि गणपतराव दुसऱ्याला आपल्या चाकाला हात लावू देणारे नव्हते.

दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसत आणि मधे मी तारेच्या खांबासारखा.

"दुकानदार, त्यायले सांगा, चाय थंडी होऊन राहिली," उकंडराव म्हणत.

"दुकानदार, त्याले सांगा, मले डोये हायेत."

निरोप जसाच्या तसा पोचवणं माझ्या रक्तात नाही. एकदा मी पदरचं जोडलं, "म्हणतात, चहा तुमच्याइतकाच थंड आहे." त्यानंतर ते दोघं माझ्याशीही बोलेनात. तिघंजण बाकड्यावर आणि बोलायला फक्त घड्याळ.

राग उतरल्यावर मी त्यांना पहिला पंप दाखवला.

"हा कसा चालते?" उकंडराव.

"इंजिनचा एक प्लग काढायचा आणि त्याच्या जागी हा पिळून बसवायचा. इंजिन बाकीच्या प्लगांवर चालतं, हा हवा मारतो."

"प्लग गरम राहत असन?"

"चटका बसतो चांगला."

"मंग काढन कोन?"

"ज्याचं चाक, तो."

उकंडरावांनी नळीला नाक लावलं. "पेट्रोल पेलेली हवा हाय हे. आपल्याले हवा शुद्ध पायजे."

दुसरा पंप गिअरपेटीला लावायचा होता. तो चालू करायला लॉरीखाली शिरून खटका ओढावा लागे.

"खाली निजन कोन?"

"ज्याचं चाक, तो."

पुन्हा नाक. "भज्याच्या कढईचा वास येऊन राहिला. हवा शुद्ध पायजे."

टायरमधल्या हवेला शुद्ध-अशुद्ध काय असतं? हा माणूस चाकात हवा भरणार होता की चाकाचं सोवळं करणार होता? तिसरा पंप आला तेव्हा मी ठरवलं की आता या नाकाचाच बंदोबस्त करायचा. हा पंप इंजिनच्या पट्ट्यावर चाले, जवळ हवेची छोटी टाकी. मी त्यात वाळ्याचं अत्तर ओतलं.

इंजिन सुरू झालं, पंप तापला, अत्तरही तापलं. सगळ्या जठारपेठेत घमघमाट सुटला. समोरचे कापडवाले धावत आले आणि कुणाकडे काय कार्य आहे, म्हणून विचारू लागले. उकंडरावांनी नळीला नाक लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"दुकानदार, ह्या हवेचं लगन हाय काय?"

ते पंपाभोवती फिरले. "हे चालू कोठून करा लागते?"

"सीटवरून. ही मूठ ओढायची बसल्या जागी."

"उठा नाई लागत?"

"नळी तेवढी चाकाला लावायची, ती कुणीही लावील."

"दम नाई लागत?"

"दम इंजिनला लागतो."

"बांधून द्या," उकंडराव म्हणाले.

अत्तरावर हवेचा पंप विकणारा वऱ्हाडातला पहिला दुकानदार म्हणून मी पुढं बाजारभर मिरवलो. मधे काय काय विचारलं गेलं, ते माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून गेलं होतं.

पंप बसवल्यावर पहिल्या भरल्या फेरीला त्यांनी मला शेंदूरजन्याहून बरोबर घेतलं. "बिघडलं तं शिव्या द्याले मानूस जवळ पायजे," हे कारण. लॉरीत तणसावर मृगाची संत्री शिगोशीग भरलेली. मोर्शीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ऊन चढत होतं. स्टेपनी काढली तर तीही मऊ. सामाईक वस्तूत हवा भरणं हे वाटणीत कुणाच्याच नावावर नव्हतं. तशीच ती चढवली, नट मी स्वतः आवळले. गणपतरावांनी सीटवर बसून ऐटीत मूठ ओढली. पंप छान धडधडायला लागला. मी नळी उलगडत निघालो. पुढच्या चाकावरून गेलो, लॉरीच्या बाजूच्या फळीच्या मध्यापर्यंत गेलो आणि नळी संपली. मागचं चाक आणखी दोन हात पलीकडे होतं. दुकानात नळी लावून बघितली होती मी, नाही असं नाही. पुढच्या चाकाला. गिऱ्हाईक पुढच्या चाकांचं होतं.

गणपतराव खाली उतरले. सीटखालून हातपंप काढला आणि सुरू झाले. जरा वेळानं पंपाचा आवाज कुठला आणि छातीचा कुठला, हे कळेना.

"दुकानदार," उकंडराव म्हणाले, "त्यायले सांगा..."

मी निरोपासाठी कान टवकारले. निरोप आला नाही. उकंडराव चालत गेले आणि त्यांनी पंपाची मूठ धरली.

"दादा, सोड. सावलीत बस तू."

"चाक माहं हाय."

"असू दे ना तुहं. तू मेला तं मी भांडू कोनासंग?"

गणपतरावांनी मूठ सोडली आणि बाभळीखाली जाऊन बसले. उकंडराव हवा भरू लागले. सवय नव्हती, धोतर सुटत होतं, पण थांबले नाहीत.

नट सोडून ते चाक नळीजवळ आणता आलं असतं, हे मला अकोल्याला परतल्यावर सुचलं. उकंडरावांना ते तिथंच सुचलं नसेल, असं मला आता वाटत नाही.

त्या वेळी मला फक्त माझी लाज झाकायची होती. मी बाभळीखाली गेलो आणि गणपतरावांना समजावू लागलो. विलायती पंप कसे, त्यांची मापं कशी, मुंबईहून नळी कशी मागवावी लागते, आपल्याकडच्या लॉऱ्या मुळातच कशा नको इतक्या लांब. त्यांनी श्वास जागेवर येईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"दुकानदार, तुमची जीभ थोडी कापून त्या नळीले जोडा. पुरून उरन."