मास्तरांच्या मापाची गाडी

"गाडी म्हणजे तरी काय हो? चाकं लावलेला कोट!" असं टेलर मास्तरांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या साडूंचा घास हातातच राहिला.

साडूंनी नुकतीच एका माणसापुरती, शर्यतीची गाडी विकत घेतली होती. तशी सात वर्षं त्यांच्या तोंडी गाड्यांखेरीज विषयच नव्हता. मास्तरांचे कान अगदी किटून गेले होते.

"मग शिवा एखादी घरी," साडू म्हणाले. "येत्या शर्यतीत माझ्याबरोबर उतरून एक फेरी पुरी केलीत, तर उभ्या जन्मात तुमच्यासमोर गाडीचं नाव काढणार नाही."

एवढ्या शांततेसाठी मास्तर विमानसुद्धा शिवायला बसले असते.

मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल बाहेर गेलं आणि कामाला सुरुवात झाली. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन भंगारातून आलं, चाकं जुन्या स्कूटरची, सांगाडा बारीक पाइपांचा. पत्रा परवडेना, म्हणून अंगाला आणि तळाला ताडपत्री, तीही दुहेरी शिलाईची. आणि बसायची जागा मात्र मास्तरांच्या मापाने. मास्तर आरशासमोर ताठ उभे राहिले, बायकोने टेप लावली आणि छाती, कंबर, उंची वहीत उतरवली.

"एकदा ट्रायल घ्या हो," ती म्हणाली.

"ट्रायल गिऱ्हाइकाची घेतात. स्वतःचं माप मला पाठ आहे."

शर्यतीच्या दिवशी मास्तर ऐटीत गाडीत उतरले आणि अर्ध्यावर अडकले. आयुष्यभर त्यांनी उभ्या माणसांची मापं घेतली होती. माणूस बसला की त्याचं पोट चार बोटं पुढे येतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी एका खांद्यावर बायकोने आणि दुसऱ्यावर खुद्द साडूंनी भार दिला, तेव्हा कुठे मास्तर आत बसले. आता त्यांना श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागत होता.

तपासनीस वही घेऊन आले. "इंजिन सुरू करा."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मास्तरांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"छान. आता दहा सेकंदांत बाहेर या. आग लागली तर येता यायला हवं. नियम आहे."

मास्तरांचा चेहरा पडला. बाहेर आलो नाही तर शर्यत गेली, आणि मग मरेपर्यंत साडूंचे गिअर ऐकायचे. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा जीव पायांत आणून जोर लावला. टर्रकन तळाची ताडपत्री फाटली, पाय जमिनीला लागले आणि मास्तर गाडीसकट उभे राहिले!

उभे राहिल्यावर मात्र फिटिंग असं बसलं, की कमरेशी बोट शिरायला जागा नव्हती. पुढची चाकं हवेत, मागची जमिनीवर. या गडबडीत मास्तरांचा गुडघा वेग वाढवायच्या तारेत अडकला आणि गाडीने त्यांना मागून ढकललं.

"अहो, थांबा की!" बायको ओरडली.

"मी कुठे धावतोय? ही धावतेय!"

तेवढ्यात सुरुवातीचा झेंडा पडला. मास्तर वळणावर झुकत, एका हाताने धोतर सांभाळावं तशी ताडपत्री सांभाळत पळत होते. बाकीच्या गाड्या त्यांना बघायला थांबल्या आणि साडूंची तर त्या नादात गवतात शिरली. पूर्ण फेरी मारून मास्तरांनी रेघ ओलांडली आणि पेट्रोल संपलं.

तपासनिसांनी नियमांची वही दोनदा चाळली. चालकाने बसलंच पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हात टेकले आणि फेरी पुरी झाल्याची नोंद केली.

साडू शब्दाला पक्के निघाले. त्या दिवसापासून मास्तरांसमोर त्यांनी गाडीचं नाव काढलेलं नाही. हल्ली प्रत्येक पंगतीत, प्रत्येक नव्या पाहुण्याला, पहिल्या वाढपापासून हात धुवेपर्यंत, ते फक्त मास्तर कसे पळाले तेवढंच सांगतात. आणि मध्येच उठून पळूनही दाखवतात.