हरकाऱ्याचा निरोप समारंभ

एका जंगलात, मुलांनो, एक कचेरी होती. जंगलात कचेरी कशाला, असं विचारू नका. तुमच्या गावात आहे ती तरी कशाला आहे, हे कुणी विचारतं का? तेव्हा हाताची घडी घाला आणि ऐका.

त्या जंगलात एक डोह होता. डोहाकाठी शेवंताबाई नावाची पाणमांजर राहत असे. तिला चार पिल्लं होती. पिल्लांना अजून धड पोहता येत नव्हतं. शेवंताबाई रोज एकेकाला मानगुटीला धरून पाण्यात सोडायची आणि ते रडत काठावर यायचं.

एके दिवशी वडाच्या बुंध्यावर नोटीस लागली. वरच्या जंगलातल्या वाघाला अंघोळीसाठी तलाव हवा होता. त्यासाठी ओढा तिकडे वळवायचा होता. ओढा वळला की डोह आटणार, हे शेवंताबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नोटिशीत खाली लिहिलं होतं, 'हरकती पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत वनपरिषदेकडे फक्त ईमेलने पाठवाव्यात. हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.' वनपरिषद सात डोंगरांपलीकडे होती आणि जंगलात कॉम्प्युटर एकच होता. तो कचेरीत होता.

कचेरीत भालचंद्रपंत हे साळिंदर हेडक्लार्क होते. माणूस, म्हणजे साळिंदर, अत्यंत सज्जन. राग आला की फक्त पाठीवरचे काटे उभे राहायचे आणि खुर्ची फाटायची. आजवर त्यांच्या नऊ खुर्च्या फाटल्या होत्या. शेवंताबाईने अर्ज दिला तेव्हा त्यांनी तो स्वतः टाइप केला, रजिस्टरमध्ये नोंदवला आणि म्हणाले, "जावक क्रमांक सहाशे अकरा. झालं तुमचं काम."

"गेला का हो पंत, अर्ज?"

"बाई, जावक क्रमांक पडलाय. आणखी काय व्हायचं राहिलं?"

आठ दिवस झाले. परिषदेकडून पोच आली नाही. पौर्णिमा उजाडली. शेवंताबाई उठली आणि केरबा मिस्त्रीला घेऊन कचेरीत आली. केरबा जातीचा मुंगूस. बिळात शिरल्यासारखा तो टेबलाखाली शिरला, वायरी तपासल्या, धूळ झटकली आणि वर आला.

त्याने अर्जात टाइप केलेल्या परिषदेच्या पत्त्यावर क्लिक केलं. पडद्यावर हरकारा नावाचा प्रोग्रॅम उघडला. कॉम्प्युटर आला तेव्हापासूनचा तो जुना प्रोग्रॅम. त्याने एक चौकट दाखवून विचारलं, 'आपले ईमेल खाते कोणते?'

"ह्ये इचारतंय तवा तुम्ही काय करता, पंत?"

"मी 'नंतर' दाबतो," पंत म्हणाले. "अकरा वर्षं दाबतोय. कधीच तक्रार आली नाही."

केरबाने हरकाऱ्याचं पोट उघडून बघितलं. आत सहाशे अकरा पत्रं होती. एकही गेलं नव्हतं.

"घाबरू नका, वयनी," केरबा म्हणाला. "ह्यात झुळूक म्हनून नवा प्रोग्रॅम हाये. तीन वर्सांमागं म्याच घातलाय, खातंबितं जोडून. फकस्त पत्त्यावर क्लिक केलं की ह्यो म्हातारा पुढं पळतो, कारन डिफॉल्ट ह्यो हाये. सेटिंगात नाव बदललं की झालं. दोन मिन्टांचं काम."

"थांबा," पंत म्हणाले. त्यांचे दोनतीन काटे उभे राहिले होते. "हरकारा अकरा वर्षांचा. झुळूक तीन वर्षांची. ज्येष्ठता यादी बघितलीत का?"

"मग डिफॉल्ट ऱ्हाऊ द्या. झुळूक सरळ उघडतो आन् तिच्यातनं अर्ज धाडतो."

"म्हणजे मागच्या दाराने?" पंत गंभीर झाले. "या कचेरीतून जे काही जाईल ते योग्य मार्गाने जाईल."

"पंत, माझी पोरं हो," शेवंताबाई म्हणाली. "त्यांना अजून पोहता येत नाही. डोह गेला तर कुठे शिकवू मी त्यांना?" तिचे डोळे भरून आले. पंतांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी बराच विचार केला आणि नियमात बसणारी एकच वाट काढली.

"हरकाऱ्याला सेवानिवृत्त करू," ते म्हणाले. "मग जागा रिकामी होईल. पण अकरा वर्षांची सेवा आहे, रीतसर निरोप द्यावा लागेल."

दुपारी बारा वाजता समारंभ सुरू झाला. कॉम्प्युटरच्या डोक्यावर शाल घातली. त्याने हवा खेळायची जाळी बंद झाली आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला. तो गार होईपर्यंत भाषणं झाली. सांबर म्हणालं, हरकाऱ्याने एकाही पत्राचा मजकूर फोडला नाही. रानडुकराने सांगितलं की त्याच्या हातून एकही पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं नाही. घुबड दिवसा जागं राहून रडलं. शेवंताबाईलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "ऊन कलायला लागलंय." टाळ्या झाल्या.

चार वाजता केरबाने सेटिंगमध्ये नाव बदललं. खरंच दोन मिनिटं लागली. आता पत्त्यावर क्लिक केलं की झुळूक उघडत होती. हरकाऱ्याच्या पोटातली सगळी पत्रंही केरबाने झुळुकीत आणून ठेवली.

"आता पयला वयनींचा अर्ज सोडतो," केरबा म्हणाला.

"सहाशे अकरा?" पंतांचे सगळे काटे उभे राहिले. दहावी खुर्ची फाटली. "आणि एक ते सहाशे दहाचं काय? त्यांनी अकरा वर्षं रांगेत काढली आहेत. क्रमांकानेच जातील."

पत्रं निघाली. यंत्र जुनं, त्यामुळे एकेक पत्र अर्धं मिनिट घेत होतं. पहिलं पत्र वणवा लागल्याचं होतं, ताबडतोब मदत पाठवा म्हणून. दुसरं वणवा विझल्याचं होतं. शेवंताबाई खिडकीत उभी राहून एकदा सूर्याकडे आणि एकदा पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होती. दोघांचा वेग तिला मनातल्या मनात जुळवता येत होता आणि म्हणूनच तिला रडू येत होतं.

सतरावं पत्र गेलं. ते वाघ गादीवर बसला तेव्हाचं अभिनंदनाचं होतं. पंतांनीच लिहिलेलं. त्यात शेवटी एक ओळ होती, 'आपण जे जे कराल त्यास आमच्या जंगलाची सदैव संमती आहे.' प्रत वनपरिषदेला.

पाच मिनिटांत कॉम्प्युटर टिंग वाजला. अकरा वर्षांत कचेरीला आलेलं हे पहिलं उत्तर. सगळे पडद्याभोवती जमले. वनपरिषदेने लिहिलं होतं, 'आपले संमतीपत्र मुदतीत मिळाले. आभारी आहोत. काम उद्यापासून सुरू होईल.'

"बघा," पंत म्हणाले. त्यांनी पडद्याला नमस्कार केला. "पोच आली."

केरबाने डोक्याला हात लावला. शेवंताबाई डोहावर गेली आणि काळोख पडेपर्यंत चारही पिल्लांना एकापाठोपाठ एक पाण्यात सोडत राहिली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. तीन पिल्लं पोहायला शिकली. चौथ्याला पाणी पुरलं नाही, कारण वाघाची माणसं कामाला फार तत्पर होती आणि त्यांनी उद्याची वाट बघितली नाही.

सहाशे अकरावं पत्र रात्री साडेनऊला व्यवस्थित गेलं. पंतांनी रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि ते समाधानाने घरी गेले.

तात्पर्य : मुलांनो, डोह काय, आटतो आणि एखाद्या पावसाळ्यात भरतोही. रजिस्टरमध्ये खाडाखोड झाली तर ती मात्र जन्मभर तशीच राहते. म्हणून मोठे झालात की कुणाचा जीव जात असला तरी आधी त्याचा क्रमांक विचारा. आणि कॉम्प्युटरने काही विचारलं तर 'नंतर' दाबा.