शर्यतीचा नारळ

"अर्धी शर्यत तो मोटारीत बसून गेला आणि शेवटी उतरून पहिला आला!" श्रेयानं मोठ्यानं वाचलं, आणि सिडकोतल्या फ्लॅटमध्ये कारभारी आजोबांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

नववीतल्या श्रेयाला शाळेत प्रकल्प मिळाला होता: खेळाच्या इतिहासातली एक गाजलेली लबाडी. ती वाचत होती सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परदेशातल्या मॅरेथॉनबद्दल. पण चोराच्या मनात चांदणं! आजोबांना आठवली १९८१च्या जत्रेतली शर्यत, लासूर स्टेशन ते त्यांचं गाव, आठ किलोमीटर. तिच्यात ते पहिले आले होते. तेव्हापासून दरवर्षी शर्यतीचा नारळ फोडायचा मान त्यांचाच, आणि यंदाची जत्रा परवावर आली होती.

"तुला कोणी सांगितलं हे?" आजोबांनी डोळे बारीक केले.

"मोबाईलवर आहे की."

"नाव बी आलंय?"

"नाव, फोटो, सगळंच."

फोटो म्हटल्यावर आजोबांना घाम फुटला. हे काम त्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या कडुबाचंच, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी तिथंच गावी फोन लावला.

"कडुबा, उसाच्या ट्रकचं तूच बोललास ना? चव्वेचाळीस वर्षं पोटात दुखतंय तुझ्या!"

"कोणता ट्रक?" कडुबा म्हणाला. "म्हंजे तू बी? मला वाटलं, तू माझ्या दूधवाल्याच्या फटफटीचं इचारतोय."

आजोबांना मनापासून लाज वाटली. उद्या गावभर बोभाटा होणार, भर जत्रेत कुणीतरी हातातला नारळ काढून घेणार. त्यापेक्षा आपणच तो तिसऱ्या आलेल्या पुंडलिकला द्यावा. बिचारा खरा पळाला होता. कडुबालाही ते पटलं, आणि श्रेयानं फोन स्पीकरवर टाकून पुंडलिकलाही त्याच कॉलमध्ये जोडून घेतलं.

"पुंडलिक, यंदा नारळ तू फोड," आजोबा म्हणाले. "खरा मान तुझाच हाय."

"का?" पुंडलिकचा आवाज एकदम सावध झाला. "कोणी काय सांगितलं तुमाला?"

"सांगायचं काय? तू सगळा रस्ता पळालास."

"हे बघा, उगी आडून आडून इचारू नका. मी त्या दिवशी बहिणीला आणायला वैजापूरला गेलतो. शर्यतीला नाव देऊन सुरुवातीला नुसता उभा राहिलो, तुमी पुढं गेल्यावर मागं फिरलो. बक्षिसं तीन, नावं बी तीनच. सरपंचानं तिसऱ्या नंबरचा टॉवेल घरी आणून दिला, मी घेतला. आता परत मागता का?"

आजोबांनी कपाळाला हात लावला. "श्रेया, तो फोटो दाखव बाई एकदा."

श्रेयानं मोबाईल पुढे केला. आजोबांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "हा गोरा कोण?"

"यानंच तर लबाडी केली."

"मंग आमचं?"

"तुमचं मला आत्ता कळलं."

फोनवर तिकडून कडुबा खोकला. श्रेयानं वही उघडली. "आजोबा, ट्रक कुठं भेटला तुम्हाला?"

"तिसऱ्या किलोमीटरला."

"कडुबाआजोबा, तुमची फटफटी?"

"दुसऱ्याच्या बी आधी," कडुबा पुटपुटला.

"मग सगळ्यात जास्त आजोबाच पळाले. पहिला नंबर त्यांचाच!"

रविवारी जत्रेत आजोबांनी ताठ मानेनं नारळ फोडला. फक्त त्याआधी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एकूण एक ट्रकवाल्याला त्यांनी शर्यत संपेपर्यंत किल्ल्या पंचांकडं जमा करायला लावल्या.