करीम तांडेलांच्या झोपेची चौकशी

आजारी माणसाला विश्रांतीची नितांत गरज असते, याबाबत रत्नागिरीत कोणाचेही दुमत नाही. किंबहुना हेच त्याला समक्ष सांगण्यासाठी लोक दाभोळहून एसटी बदलत येतात.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात चिकुनगुनियाच्या साथीने मिरकरवाड्यातला करीम तांडेल आडवा झाला. तांडेल म्हणजे भर समुद्रात बोट हाकणारा माणूस. पण सांधे असे धरले, की चहाचा कप तोंडाला लावायला बायको नसीमा लागायची. त्यातच मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस उरले होते. बोटीचे मालक आमीरशेठ भला माणूस. बंदी उठेल त्या दिवशी करीम उभा राहिला तर सुकाणू त्याचंच, नाहीतर यंदाचा हंगाम शिवा तांडेलकडे, असं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. (त्यासाठी करीमला झोपेतून उठवावं लागलं.) आपल्या बोटीवर दुसऱ्याचा हुकूम ही कल्पनाच करीमला सोसेना.

डॉक्टरांनी भरपूर पाणी पिऊन पडून राहायला सांगितलं. इतका साधा इलाज आजाऱ्याच्या इभ्रतीला शोभणारा नव्हता. सुदैवाने मेहुणा फुजैल याने मस्कतहून येणाऱ्या माणसाबरोबर मेलाटोनिनची बाटली धाडली. गोळीने झोप येते, झोपेने प्रतिकारशक्ती वाढते आणि प्रतिकारशक्तीने व्हायरस पळतो, असं त्याने फोनवर समजावलं. (यातलं झोपेचं तेवढं बाटलीवर छापलेलं होतं. बाकीचं फुजैलचं.)

आता आखातातून आलेली वस्तू एकट्याने वापरणं हा मोहल्ल्यात जवळजवळ गुन्हाच. अत्तर असो वा साबण, वाटा निघतोच. त्यामुळे समाचाराला येईल त्याच्या हातावर नसीमा एकेक गोळी ठेवू लागली.

समाचाराची कार्यपद्धती ठरलेली होती. आगंतुकाने दारातूनच "झोपलाय काय?" असं विचारावं. नसीमा हो म्हणाली, की "मग उठवू नको हां" असं आतल्या खोलीपर्यंत पोचेल एवढ्या काळजीने सांगावं. एवढ्यावर रोगी जागा झालाच, तर उशाशी बसून त्याला झोप लागते की नाही याची सविस्तर माहिती घ्यावी. दर दहा पाहुण्यांमागे सरासरी अकरा इलाज सुचवले गेले. (हर्णेच्या गंगुबाईंकडे दोन होते.)

गोळीचा गुण मात्र निर्विवाद होता. सगळा मोहल्ला गाढ झोपू लागला, आणि किती गाढ, ते सांगायला रोज सकाळी करीमकडे जमू लागला. करीमही गोळी घेई, डोळे जड होत, तेवढ्यात कोणीतरी गोळी लागू पडली का ते विचारायला येई. बाटलीतली शेवटची गोळी शिवा तांडेल घेऊन गेला.

बंदी उठली त्या दिवशी करीम भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच खाली बसला. धक्क्यावरून बोट शिवाने काढली. करीम रडला, अगदी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

त्यानंतर समाचाराला कोणी फिरकलं नाही. बोट गेलेल्या माणसाला विचारणार तरी काय? घर शांत झालं. करीम पोटभर झोपला आणि हळूहळू हिंडूफिरू लागला.

आणि मग शिवा तापाने पडल्याची बातमी आली. करीमने धुतलेला सदरा घातला आणि तडक त्याचं घर गाठलं. दारात शिवाची बायको सगुणा तोंडावर बोट ठेवून उभी होती.

"आत्ताच डोळा लागलाय, करीमभाय."

मुकाट्याने परत फिरावं, असं करीमच्या मनात खरोखर आलं. झोपमोड म्हणजे काय, हे रत्नागिरीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण इतक्या लांब आलेला माणूस न भेटता गेला, तर लोक म्हणणार, बोटीचा राग धरला.

"उठव त्याला," तो म्हणाला. "मी आलोय म्हणून सांग."

वाचकांपैकी कोणी असं करणार नाही, याची खात्री आहे. तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही आधी फोन करता, आणि पलीकडून घोगरा आवाज आला, की विचारता, झोपला होतात का?