मेजर मुजावर जेवायचे राहिले आहेत

मेजर मुजावरांना लग्नाला बोलवायचं असेल, तर आचाऱ्याची आधी समजूत काढावी लागते. ते कार्यालयात शिरतात आणि अक्षता वगैरे न घेता थेट भटारखान्यात जातात. खिशातून स्वतःचा चमचा काढतात आणि म्हणतात, "नमुना दाखवा."

आमच्या पुतणीच्या लग्नात आचारी भडकला. "साहेब, तेवीस वर्षं मठ्ठा करतोय मी."

मेजरांनी चाखला. "म्हणजे तेवीस वर्षं मीठ कमी."

गडबड ऐकून मुलाचे मामा आत आले. सदाशिव पेठेतले. त्यांनी मेजरांना पगडीपासून बुटापर्यंत पाहावं तसं पाहिलं, पगडी नसतानाही. "आपण मुलीकडचे की मुलाकडचे?"

"मी जेवणाकडचा," मेजर म्हणाले.

ही त्यांची फौजेतली सवय. लंगरातलं अन्न जवानांच्या ताटात पडण्याआधी अधिकाऱ्याने चाखायचं, आणि शेवटचा जवान जेवून उठल्यावर मग स्वतः जेवायचं. चाखायला पहिला, जेवायला शेवटचा. मेजरांची सगळी नोकरी रसद विभागात गेली. लडाखपासून आसामपर्यंत त्यांनी पीठ, डाळ, रॉकेल आणि बटाटे पोचवले. लढाईच्या गोष्टी ऐकायला मुलं जमली, की ते प्रामाणिकपणे सांगतात, "मी शत्रू पाहिला नाही. नासका कांदा मात्र लांबून ओळखतो." मुलं पांगतात. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांना मात्र हे वाक्य खरं असल्याचं ठाऊक आहे. मेजर दिसले की तिथे काही पोती मागे सरकवली जातात.

निवृत्त होऊन ते आमच्या इमारतीत राहायला आले आणि वर्षभरात सोसायटीचे सचिव झाले. दुसरं कोणी तयार नव्हतं. तेव्हापासून आमची बारा बिऱ्हाडं हे त्यांचं युनिट आहे. आम्हाला कोणी विचारलं नाही.

पुण्यात "जेवलात का?" हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारला जात नाही. मेजर विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात. दुपारी एक वाजता गॅलरीत उभे राहून एकेका दाराकडे पाहत.

"जोगळेकरबाई, जेवलात?"

"जेवले. आता झोपू का, की त्यालाही हुकूम लागतो?"

"आराम करा. पुढे, दीक्षित!"

दाराशी सिलिंडरवाला आला असेल तर तोही जेवतो. रखवालदार जेवतो. रबियाभाभी जेवतात. मग मेजर. "लग्नाला चाळीस वर्षं झाली," भाभी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "या माणसाला गरम भाकरी खाताना मी पाहिलेलं नाही. मी आधी जेवत नाही म्हटलं, तर उपाशी उभे राहतात. भांडायचं कोणाशी, सुशीलाताई?"

सुशीला हे मला रंगवून सांगायची. भाद्रपदात ती गेली.

तेरावं झालं, नातेवाईक परतले. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. पुस्तकं जागच्या जागी ठेवणं मला जमतं, स्वयंपाक जमत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. ताट एकच वाढायचं, हे मला होईना. चहा घ्यायचो, दोन बिस्किटं खायचो. एक वाजता गॅलरीतून हाक यायची.

"प्रोफेसर, जेवलात?" ग्रंथपालाला ते प्रोफेसरच म्हणतात.

"हो, जेवलो."

चौथ्या दिवशी हाक आली नाही. मेजर स्वतः आले. सरळ स्वयंपाकघरात गेले, गॅसच्या शेगडीला हात लावला, ओट्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे," आणि गेले. त्या दुपारपासून भाभींकडून डबा येऊ लागला. मी तो गुपचूप रखवालदाराला द्यायचो. तो बिचारा दोनदा जेवत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला रबियाभाभी दारात उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, डोळे लाल.

"भाऊ, दुःख करायला मी नाही म्हणत नाही. पण यांना डायबेटीस आहे. तीन दिवस दुपारचा घास घेतला नाही. गोळी घेतात नि बसून राहतात. डबा कुठे जातो ते रखवालदाराने सांगितलंय यांना. शेवटचा माणूस जेवायचा राहिलाय म्हणतात."

"भाभी, मी त्यांच्या पलटणीत नाही."

"ते तुम्हीच त्यांना सांगा. मी चाळीस वर्षं सांगतेय."

मला सुशीला गेल्यापासून पहिल्यांदा राग आला. तसाच चपला न घालता मी त्यांच्या घरी गेलो. मेजर टेबलाशी ताठ बसले होते. समोर झाकलेलं ताट. कपाळावर घाम.

"मेजरसाहेब, ही जबरदस्ती आहे."

"आहे."

"मला भूक नाही."

"मलाही नाही. बसू."

"अहो, आपण आजारी आहात!"

"आपणही आहात," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, फार हळू होता.

भाभींनी माझ्यासमोर ताट मांडलं. तव्यावरची भाकरी, मेथीची भाजी, कांदा. मी बसलो. पहिला घास घेतला. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. मेजर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

अर्धी भाकरी झाली. त्यांनी विचारलं, "झालं?"

हो म्हणणं सोपं होतं. इतके दिवस तेच म्हणत होतो. मी ताट पुढे केलं. "भाभी, आणखी अर्धी द्या."

बायको गेल्यापासून मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

तीही संपली, तेव्हा मेजरांनी आपल्या ताटावरचं झाकण उचललं. भाकरी तोडायला गेले, पण तुकडा दोनदा बोटांतून निसटला. भाभी शेजारी येऊन बसल्या. त्यांनी एक घास केला आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ नेला. मेजरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.